पायलट तयार, एकर कुठे आहेत? ‘नमो ड्रोन दीदी’चा प्रकरण अभ्यास

फवारणी हे आपल्या शेतीतलं सर्वांत जोखमीचं काम, आणि कुणीही कुणाला नीट न शिकवलेलं. पाठीवर सोळा लिटरचा पंप, तोंडाला फार तर रुमाल, औषध ढवळायला काठी नाहीतर थेट हात. पाणी आणायला आणि औषध कालवायला बाई, पंप पाठीवर घ्यायला गडी, अशी वाटणी बहुतेक गावांत ठरलेली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यांत दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वर धरलेल्या नळीतून उडालेलं औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर येत होतं. चौकशी झाली, संरक्षक किट वाटले गेले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. फवारणी शिकवण्यासाठी देशपातळीवर मोठा पैसा मात्र त्यानंतर सहा वर्षांनी आला, आणि तो पाठीवरच्या पंपासाठी नव्हे, ड्रोनसाठी.

‘नमो ड्रोन दीदी’ ही ती योजना. आधुनिक शेतीसाठी कुशल हात तयार करायला सरकार पैसा कसा घालतं, त्यातला किती माणसात जातो आणि किती यंत्रात, हे तपासायला यापेक्षा चांगलं प्रकरण सापडणं कठीण. माझं मत आधीच सांगून टाकतो. पायलट घडवण्याचा भाग या योजनेनं बऱ्यापैकी विचार करून बांधला आहे. त्या पायलटला वर्षभर पुरेल इतकं काम कुठून येणार, हा भाग मात्र तिच्यावर आणि तिच्या गटावर सोडून दिला आहे.

योजना काय देते

१५ ऑगस्ट २०२३ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली: पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन चालवायचं आणि दुरुस्त करायचं शिक्षण देणार. नोव्हेंबरअखेर केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२६१ कोटी रुपयांच्या तरतुदीसह २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी योजना मंजूर केली. गटाला ड्रोन आणि सोबतच्या साहित्याच्या किमतीपैकी ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. उरलेल्या रकमेसाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज, त्यावर व्याजात ३ टक्के सूट. यातून गटाला वर्षाला किमान एक लाखाचं जादा उत्पन्न मिळेल, असा सरकारचा अंदाज.

आता साधा गुणाकार करून बघू. पंधरा हजार गट, प्रत्येकी ८ लाख, म्हणजे १,२०० कोटी. एकूण तरतूद १,२६१ कोटी. जवळजवळ सगळा पैसा ड्रोनच्या अनुदानात गेला. मग प्रशिक्षणाचा पैसा कुठे आहे? तो ड्रोनच्या किमतीतच आहे. पुढे आलेल्या मार्गदर्शक सूचनांत (त्यांत गटांची संख्या १४,५०० झाली) हे स्पष्ट दिसतं. ड्रोन एकटा येत नाही, पॅकेज येतं. फवारणीची जोडणी, वाहून न्यायची पेटी, खाली बघणारा कॅमेरा, वेगाने चार्ज करणारा चार्जर, वारा मोजायचं यंत्र, पाण्याचा सामू (पीएच) तपासायचा मीटर, मूळ बॅटरी संचाखेरीज आणखी चार संच, जादा पंखे, जादा नोझल, एका वर्षाचा विमा, दोन वर्षांचा देखभाल करार. याच यादीत पंधरा दिवसांचं प्रशिक्षणही आहे.

यादी हुशारीने केलेली आहे, हे मान्य करायला हवं. वाऱ्याचं आणि सामूचं यंत्र पेटीत असणं म्हणजे यादी करणाऱ्याने शेतावरची फवारणी पाहिली आहे. आपल्या बोअरच्या पाण्याचा सामू बऱ्याच भागांत इतका जास्त असतो की काही औषधांचा गुण टाकीतच कमी होतो, आणि ते तपासायची सवय कुणालाच नाही. पण प्रशिक्षण यंत्राच्या पेटीतून येतं तेव्हा ते खरेदीच्या वेळी एकदाच येतं. पहिल्या हंगामात अडचण आली, पायलटचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, तर दुसऱ्या बाईला शिकवायचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, याला पेटीत उत्तर नाही.

वाटपाचं काम आघाडीच्या खत कंपन्यांकडे आहे, आपल्याकडे आरसीएफ किंवा इफकोसारख्या. २०२३-२४ मध्ये या कंपन्यांनी स्वतःच्या पैशातून देशभर १,०९४ ड्रोन दिले, त्यातले ५०० या योजनेखाली धरले गेले. ११ मार्च २०२४ ला दिल्लीत पुसा येथे पंतप्रधानांसमोर प्रात्यक्षिकं झाली, त्याच वेळी देशात इतर ठिकाणीही बायकांनी ड्रोन उडवले. पंधरा हजारांच्या उद्दिष्टासमोर पहिल्या वर्षाचा हा आकडा लहान आहे. यावर ओरड करणारे बरेच आहेत. मला स्वतःला संथपणा इतका खटकत नाही. मागणी कुठे आहे ते न बघता पंधरा हजार ड्रोन एका वर्षात वाटले असते तर पंचायतीच्या खोलीत पडलेल्या शिलाई मशिनींच्या शेजारी पेट्या रचल्या गेल्या असत्या.

पंधरा दिवसांत काय शिकवतात

पहिले पाच दिवस कायद्याने सक्तीचे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेत रिमोट पायलटचं शिक्षण. उरलेले दहा दिवस शेतीचे: खत आणि औषध कसं, किती, केव्हा मारायचं. गटातली दुसरी सदस्य, किंवा घरातला विजेच्या वस्तू दुरुस्त करण्याची आवड असलेला कुणी, याला ड्रोन सहायक म्हणून वेगळं शिकवायचं.

पाच दिवसांचा गाभा ड्रोन नियम, २०२१ मधून आलेला आहे. नियमांप्रमाणे दोन किलोंच्या वर आणि पंचवीस किलोंपर्यंतचा ड्रोन ‘लहान’ गटात मोडतो. शेतीचा दहा लिटर टाकीचा ड्रोन भरल्यावर पंचविसाच्या जरा आतच राहील असा बनवलेला असतो, तो याच मर्यादेमुळे. उमेदवार अठरा ते पासष्ट वर्षांचा आणि दहावी पास हवा. सरकारच्या हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही, विमानतळाच्या आसपासच्या पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत लागते. निफाड तालुक्यात ओझरचा विमानतळ आहे, तिथल्या पायलटने आधी नकाशा उघडायचा, मग टाकी भरायची. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवायचा, मग मैदानात. उत्तीर्ण झाल्यावर मिळणारं प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं.

एक बारीकशी सरकारी दुरुस्ती इथे फार मोलाची ठरली. पूर्वी प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट मागत. गावातल्या दहावी झालेल्या सुनेकडे पासपोर्ट कुठून येणार? सप्टेंबर २०२३ मधल्या दुरुस्तीने ती अट काढली, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवान्यासारखा सरकारी पुरावा आणि पत्त्याचा दाखला पुरेसा झाला. योजना जाहीर झाल्यावर महिन्या-दीड महिन्यात ही दुरुस्ती आली. एवढ्या एका कागदामुळे किती बायका बाहेर राहिल्या असत्या, याची कल्पना ज्याने पासपोर्टसाठी पोलीस पडताळणीच्या फेऱ्या मारल्या आहेत त्याला लगेच येईल.

दहावीची अट मात्र राहिलीच. विमान वाहतुकीच्या नियमात ती रास्त असेल. पण बचत गटांत सर्वांत गरजू बाई बहुधा दहावीच्या आतली असते. म्हणून निवड होते ती गटातल्या सचिवाची, नाहीतर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कामात आधीपासून असलेल्या कृषिसखीची. तिला हिशेब येतो, मोबाइल येतो, चार लोकांसमोर बोलता येतं. निवड चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. फक्त लाभार्थ्यांच्या यादीत ‘शेतमजूर’ हा शब्द वाचताना हे ध्यानात असावं.

शेतीच्या दहा दिवसांत एक धडा बाकी सगळ्यांवर भारी आहे. पंपाने एकराला दीडशे ते दोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनने दहा लिटरच्या आसपास. औषधाची मात्रा जवळपास तीच राहते. म्हणजे ड्रोनच्या टाकीतलं द्रावण पंपातल्यापेक्षा पंधरा-वीस पट तीव्र असतं. उडवणारी बाई पिकापासून लांब बांधावर उभी असते, त्यामुळे यवतमाळसारखा फवारा अंगावर येत नाही, हा फायदा खरा आहे. पण धोका नाहीसा होत नाही. तो औषध कालवण्याच्या क्षणावर येऊन बसतो, आणि कालवणारी बाईच असते. हातमोजे आणि गॉगल न घालता तीव्र द्रावण बादलीत ढवळलं तर ड्रोन कितीही आधुनिक असो, हात जुनेच भाजतात. एप्रिल २०२२ मध्ये केंद्राने नोंदणी असलेल्या ४७७ कीडनाशकांना ड्रोनने मारायला दोन वर्षांची तात्पुरती परवानगी दिली होती. दुकानदाराने हातात ठेवलेली बाटली ड्रोनसाठी चालते का, हे विचारायची सवय प्रशिक्षणातच लागली पाहिजे. दोन औषधं आणि एक टॉनिक एकत्र करून मारायची आपल्याकडची हौस तीव्र द्रावणात अधिकच महागात पडते, नोझल तर लगेच तुंबते.

हिशेब

समजा, जालना जिल्ह्यातल्या एका गटाने योजनेतून ड्रोन घेतला. पॅकेज १० लाखांचं, त्यातलं अनुदान ८ लाख, कर्ज २ लाख. सूट वजा जाता व्याज सहा टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली, तर वर्षाचा हप्ता साधारण ४६ हजार होतो. एकरी दर ४०० रुपये धरू. त्यातून सहायकाची मजुरी, गाडीभाडं, चार्जिंग किंवा जनरेटरचं इंधन, बॅटरीसाठी बाजूला टाकायचे पैसे मिळून दीडशे जातात असं मानलं तर हाती अडीचशे उरतात. एक लाख कमवून हप्ताही भरायचा तर जवळपास ५८५ एकर फवारायला हवेत.

दिवसाला वीस एकर होतात हा सरकारी अंदाज घेतला तर हे एकोणतीस-तीस दिवसांचं काम. ऐकायला अगदी सोपं. पण वीस एकर एका जागी कुणाचे आहेत? सरासरी तीन एकरांचा तुकडा धरला तर वर्षभरात दोनशेच्या घरात फेऱ्या होतात, दिवसाला सहा-सात वेगवेगळी शेतं. एक एकर हवेतून मारायला सात-आठ मिनिटं पुरतात, पण पेटी उतरवणं, बांध आणि विजेच्या तारा बघून सीमा आखणं, पाणी मिळवणं, औषध कालवणं, पुन्हा पेटी चढवणं, यांत अर्धा-पाऊण तास जातो. भरल्या टाकीला बॅटरी काही मिनिटंच टिकते. म्हणजे वीस एकरांच्या दिवशी पाच संच आलटून पालटून, प्रत्येक तीन-चार वेळा चार्ज करायचा. शेतावरची वीज रात्रीची असली की दिवसा चार्जिंग कुणाच्या तरी घरून किंवा जनरेटरवर. ही बॅटरी काही शे चार्जिंगनंतर दम तोडते, आणि ती यंत्रातल्या महागड्या भागांपैकी एक.

त्यात हंगामाचा घोळ. सोयाबीन आणि कपाशीच्या गावात सगळ्यांना एकाच आठवड्यात फवारणी हवी असते. पाऊस उघडला की फोनवर फोन, आणि त्याच दिवसांत वारा इतका की मापकाचा काटा बघून ड्रोन पेटीतच ठेवावा लागतो. बाकीचे महिने शांत. ट्रॅक्टर दारात उभा केला म्हणून नांगरटीची गिऱ्हाइकं आपोआप येत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रोनच्या बाबतीत मात्र ते जणू विसरायला झालं.

उधारीचा विषय तर प्रशिक्षणात येतच नसावा. फवारणीचे पैसे ‘सुगीला देतो’ म्हणणारा माणूस गटातल्याच कुणाचा तरी दीर किंवा मामेसासरा असतो. त्याच्याकडे तगादा कसा लावायचा? पंधरा दिवसांत दोन दिवस फक्त दरपत्रक, आगाऊ नोंदणी, पावती आणि वसुली यांना दिले असते तर सिम्युलेटरवरच्या आणखी दोन दिवसांपेक्षा त्याचा उपयोग झाला असता, असं माझं ठाम मत आहे.

पीक पाहून ड्रोन

कोल्हापूर-सांगलीचा ऊस हे ड्रोनसाठी उत्तम काम. पाच-सहा महिन्यांच्या आडसाली उसात पंप घेऊन माणूस शिरूच शकत नाही, पात्याने अंग कापतं. वरून फवारणी हाच मार्ग. शिवाय साखर कारखान्याकडे ऊसनोंदीचा शेताच्या गट क्रमांकानुसार तपशील असतो, कुणाचा ऊस कुठे आणि किती महिन्यांचा, हे शेतकी विभागाच्या माणसाला पाठ असतं. कारखान्याने बचत गटाला हंगामभराचं काम ठरवून दिलं आणि पैसे ऊसबिलातून वळते केले, तर एकरांचा आणि उधारीचा असे दोन्ही प्रश्न एका कागदाने मिटतात. योजनेत मागणी असलेला पट्टा निवडायला सांगितलं आहे. पण मागणी मोजायची कशी, याचं इतकं सरळ साधन हाताशी असताना ते प्रत्येक ठिकाणी वापरलं जाईल याची काही हमी नाही.

नाशिकच्या द्राक्षबागेत उलटं. तिथे औषध पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाच्या आत पोहोचावं लागतं. वरून येणारा फवारा मांडवावरच अडतो, म्हणून बागायतदार ट्रॅक्टरचा ब्लोअर सोडणार नाही. डाळिंबातही हीच तक्रार. तुरीचं उंच पीक फुलोऱ्यात असताना मात्र ड्रोन कामाचा.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे, त्याची चर्चा कमी होते. बीड-जालन्याकडे तुतीची लागवड आणि रेशीम शेती वाढलेली आहे. शेजारच्या कपाशीवर मारलेलं औषध वाऱ्याने तुतीच्या पाल्यावर आलं आणि तो पाला अळ्यांना घातला, तर अख्खी बॅच जाते. पंपाचा फवारा फार लांब जात नाही, ड्रोनचे बारीक थेंब जातात. पायलटने उड्डाणाआधी आजूबाजूच्या चार शेतांत काय आहे ते विचारणं, मधपेट्या आणि तुती कुठे आहेत ते नोंदवणं, ही सवय सीमा आखण्याइतकीच महत्त्वाची. भरपाईचं भांडण लागलं तर विमा ते सोसेल असं गृहीत धरू नये.

कंपन्यांचा हात, मजुराचा हात

खत कंपन्यांकडे वाटप दिल्याने गावपातळीवरचं जाळं आयतं मिळालं. इफकोने काही ठिकाणी ड्रोनसोबत तीनचाकी इलेक्ट्रिक गाडीही दिली, आणि ती गाडी नसती तर बाईला दरवेळी घरातल्या पुरुषाच्या सवडीची वाट बघावी लागली असती. पण कंपनीला नॅनो युरिया आणि नॅनो डीएपीही विकायचं असतं, आणि ही द्रवखतं फवारणं हे योजनेच्या हेतूंतच आहे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत गोणीतल्या युरियात कपात करून नॅनो युरिया वापरल्यावर भात आणि गव्हाचं उत्पादन घटलेलं दिसलं. कंपन्यांचं म्हणणं वेगळं आहे. वाद शास्त्रज्ञांनी सोडवावा. पण पीक हातचं गेलं तर शेतकरी कंपनीच्या कार्यालयात जाणार नाही, ड्रोन उडवणाऱ्या ताईच्या दारात येईल. तिचं शिक्षण ज्यांच्या मालावर अवलंबून नाही अशा ठिकाणी, कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात, झालेलं बरं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासारख्या संस्था ड्रोन प्रशिक्षणात उतरल्या आहेत, ही त्या दृष्टीने चांगली गोष्ट.

आणि पाठीवर पंप घेऊन फिरणारा गडी? तो या सगळ्या कागदांत कुठेच नाही. पंपामागे ठरलेल्या दराने काम करणारा हा माणूस बहुधा भूमिहीन, दहावीच्या आतला आणि अर्थातच पुरुष, त्यामुळे पायलटच्या निवडीतून बाहेर. ड्रोन गावात आला की सर्वांत आधी काम जाणार ते त्याचं. विषातून सुटला हे खरं, पण रोजगारातूनही सुटला. सहायकाची जागा अशा माणसाला देता येईल. तो कुणा सदस्याचा नवरा किंवा मुलगा असला तर नियमातही बसतो. कोणत्या शेताला कोणती वाट, कुठल्या विहिरीचं पाणी, कोणता शेतकरी पैसे बुडवतो, हे त्याला पायलटपेक्षा जास्त माहीत असतं. मला विचाराल तर पंधरा दिवसांनंतर एक पूर्ण खरीप हंगाम उमेदवारीचा हवा. अनुभवी पायलटच्या हाताखाली, ठरलेल्या मानधनावर, ही जोडी एकत्र काम करील. आठ लाखांच्या अनुदानासमोर दोन माणसांच्या चार महिन्यांच्या मानधनाची रक्कम किरकोळ आहे, पण ती यंत्राच्या किमतीत बसवता येत नाही, म्हणून कदाचित कुणी धरली नसावी.

जालन्याच्या त्या कल्पित गटाकडे परत जाऊ. पॅकेजमधला विमा पहिल्या वर्षाअखेर संपतो, देखभालीचा करार दुसऱ्या वर्षाअखेर. बॅटरीचे पहिले संच साधारण त्याच सुमारास थकलेले असतात. तिसऱ्या वर्षी विम्याचा हप्ता, दुरुस्ती आणि नव्या बॅटऱ्या हे तिन्ही खर्च एकदम गटाच्या खात्यावर येतात, आणि कर्जाची तीन वर्षं अजून बाकी असतात. त्या वर्षीही एकरी दीडशे खर्चात भागेल असं धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. तो दोनशेवर गेला, तर त्याच लाखासाठी ५८५ ऐवजी ७३० एकर लागतील. गटाच्या मासिक बैठकीत पहिल्याच वर्षी हा आकडा फळ्यावर लिहिला गेला, तर दर चारशे ठेवायचा की साडेचारशे, याचा निर्णय तरी वेळेत होईल.